दोन खोल्या, एक गाडी

२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. विशेषही आहे आणि विनंतीही आहे, तेव्हा दोन्ही सरळच लिहिते.

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस. ऑफिसच्या मेलवर लिहावं तर तुझ्याआधी चार साहेब वाचतात आणि प्रत्येक जण त्यात आपलं शहाणपण कालवतो. म्हणून कागद. सारथीकाका बाळांची गाडी घेऊन रोज पूल ओलांडतात, तेच हे पाकीट आणतील. त्यांना मी सांगितलंय, हातात द्या. घेतलं नाही तर टेबलावर ठेवा, पण परत आणू नका.

हे पत्र माफी मागायला नाही. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटपर्यंत तू तिची वाट बघशील. चौकशी समितीपुढे मी जे बोलले ते तू भलत्याच कुणाकडून ऐकलंस, तेही तिखटमीठ लावून. मी बोलले ते असं.

पुलावरची केबल तुटली त्या दुपारी आमच्या उत्तर काठच्या ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूमला तुमची दक्षिणेची रूम दिसेनाशी झाली, आणि तुम्हाला आमची. नियम असा होता, की दुसरी खोली गप्प झाली तर ती बंद पडली असं समजायचं आणि दोन्ही काठांचा कारभार आपल्या हाती घ्यायचा. दोन्ही सर्व्हरनी इमानदारीत तेच केलं. साध्या ॲम्ब्युलन्स दोन्हीकडे पुष्कळ आहेत, पण नवजात बाळांची, काचेच्या पेटीची गाडी साऱ्या शहरात एकच. तुमच्या सर्व्हरने ती तुमच्याकडच्या हॉस्पिटलला दिली. आमच्याने आमच्याकडच्या. काका तुमच्या हुकमावरून निघालेही होते. पुलावर असताना आमचा हुकूम त्यांच्या स्क्रीनवर आला आणि तुमचा पुसला गेला. त्यांनी वायरलेसवर विचारलं, "हाच ना?" आमची ऑपरेटर म्हणाली, "हाच." तिला दुसरा माहीतच नव्हता. काका वळले. तुमच्याकडच्या हॉस्पिटलला सांगितलं होतं, गाडी निघाली आहे. म्हणून त्यांनी दुसरी, साधी गाडी बोलावली नाही. ते वाट बघत राहिले, आणि ते बाळ गेलं. दोन्ही खोल्यांतल्या स्क्रीन सगळा वेळ हिरव्यागार होत्या.

समितीने विचारलं, "चूक ऑपरेटरची की ड्रायव्हरची?"

मी म्हटलं, "दोघांचीही नाही. नियमाची."

"नियम कुणी लिहिला?"

"माझ्या भावाने."

मग काय सांगायला हवं होतं? आकाशातून पडला म्हणून?

पण त्यापुढचं वाक्य तुझ्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. मी म्हटलं होतं, "मंजुरी दोनच खोल्यांची मिळाली होती, आणि दोन खोल्यांमध्ये याहून चांगला नियम कुणालाच लिहिता आला नसता." सभेच्या इतिवृत्तात आहे. बघ.

आता विनंती. तिसरी खोली मंजूर झाली आहे. नदीच्या वरच्या अंगाला, पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये. त्या आराखड्यावर दोन्ही काठांच्या प्रमुखांची सही लागते. माझी झाली आहे. तुझी हवी.

तुझी
भिंगरी


१३ फेब्रुवारी

दादा,

काका म्हणाले, "तुमच्या भावानं पाकीट उघडलं नाही. पण टाकलंही नाही. चष्म्याच्या डबीखाली ठेवलं." मी ते शुभ लक्षण धरते. तू चष्मा दिवसातून दहादा शोधतोस.

आईला म्हटलं, तू सुट्टीला दादाकडे जातेस, तेव्हा जरा विषय काढ. ती म्हणाली, "मी काय टपालखातं आहे? लहानपणी दोघं एका खिडकीत मावत नव्हतात, आता एका शहरात मावत नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि शांतपणे माझ्याच हातातला पेपर घेऊन वाचत बसली.

तर बघते. तिसरी खोली कशाला, असं तू संचालकबाईंना विचारल्याचं कळलं. "दोन धड चालत नाहीत तिथे तिसरीचं लोढणं कशाला?" वाक्य तुझंच असणार, त्यात लोढणं आहे.

तुला शिकवायचा माझा विचार नाही. सर्व्हरच्या पोटात काय चालतं, ऑपरेटिंग सिस्टीम कुणाला कधी उठवते, कधी झोपवते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला दोन सर्व्हरमधल्या तारा कळतात. तर तारांकडून सांगते. पलीकडून उत्तर येत नाही याचा अर्थ काय? पलीकडचा सर्व्हर बंद पडला असेल. किंवा तो ठणठणीत आहे आणि केबल तुटली आहे. किंवा तो कामात बुडाला आहे. किंवा उत्तर वाटेत आहे, अजून दोन क्षणांत पोचेल. इथे बसून यातलं कुठलं खरं, हे कळायला काहीच मार्ग नाही. प्रोग्रॅम लिहिणारा कितीही हुशार असो. माझा भाऊ असला तरी.

तीन खोल्या असल्या की ते ओळखत बसायची गरजच संपते. प्रत्येकीने एवढंच बघायचं, की आपल्यासकट दोघींचं एकमत होतंय का. होत असेल तर हुकूम काढायचा. नसेल तर नाही. तिघींत दोन-दोनचे दोन गट पडूच शकत नाहीत, म्हणून एका गाडीला दोन हुकूम निघूच शकत नाहीत. एवढंच आहे. यात लोढणं कुठे आलं?

आणि हो, तुझ्या गप्प बसण्याचा आणि वर जे लिहिलं त्याचा संबंध जोडू नकोस. तू का गप्प आहेस ते मला पक्कं माहीत आहे. तू रागावला आहेस. मी लिहीत राहणार.

भिंगरी


१ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. तू दोन्ही पत्रं वाचलीस आणि जेवता जेवता भिंतीशी बोललास, असं म्हणाल्या. भिंतीला जे सांगितलंस ते त्यांनी मला सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस.

तू म्हणालास, "केबल तुटली आहे, माणूस रस्त्यात रक्त सांडत पडलाय, फोन आलाय. माझ्या खोलीनं काय सांगायचं? थांबा, आमची मतमोजणी चालू आहे? माझी खोली गप्प बसणार नाही. त्यासाठी नाही बांधली ती."

मी इतकी चिडले की उत्तराची चार पानं लिहिली. तुला हेकट म्हटलं होतं त्यात, आणि बरंच काही. मग ती पानं बाजूला ठेवून दिवसभर आमच्या खोलीत ऑपरेटरच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि येणारा प्रत्येक फोन ऐकला. जिन्यावरून पडलेली आजी. छातीत कळ आलेला वाणी. मोटरसायकलवाले, एकामागून एक. बाळंतपणं. भाजलेला हात. संध्याकाळपर्यंत बाळांची गाडी एकदाच लागली. बाकी सगळ्या साध्या ॲम्ब्युलन्स, आणि त्या आपल्याच काठच्या, आपल्याच अंगणातल्या. त्या पाठवायला मला तुला विचारायची गरज काय? काहीच नाही. तू माझ्या काठची गाडी कधी हलवत नाहीस, मी तुझ्या काठची हलवत नाही.

तेव्हा तुझं बरोबर आहे. अर्धं.

मी सगळ्या गाड्यांना एकच नियम लावत होते, ती माझी आराखड्यातली चूक. बदलला. ज्याच्या गाड्या त्याच्या. केबल तुटो, आभाळ कोसळो, आपापल्या काठच्या गाड्या आपापली खोली कुणालाही न विचारता पाठवेल. तुझी खोली गप्प बसणार नाही. तिघींत दोघींचं मत लागेल ते फक्त सामाईक गोष्टींना. बाळांची गाडी आणि नदीतली बचावाची बोट.

पण त्या एका गाडीवरून मी तसूभर हटणार नाही. "आम्हाला माहीत नाही" असं म्हणणं तुला कमीपणाचं वाटतं. दादा, त्या दुपारी त्या हॉस्पिटलला कुणीतरी "माहीत नाही" म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी गाडी बोलावली असती.

हे वाक्य लिहू की नको असं मी खूप वेळ करत होते. लिहिलं.

सुधारलेला आराखडा सोबत आहे.

भिंगरी


२० मार्च

दादा,

सही मिळाली. नुसतीच सही. खाली तारीखसुद्धा घातली नाहीस. पण पान उलटलं तर मागे पेन्सिलीने लिहिलं होतंस, "परवानगी घेतलेली खोलीच बंद पडली तर गाडी जन्मभर अडकून राहणार का?"

नाही राहणार. दोघींच्या मताने मिळालेल्या परवानगीला मुदत आहे. थोड्या वेळापुरतीच मिळते, लागत असेल तर पुन्हा मागायची, नाहीतर आपोआप सुटते. आराखड्याच्या पाचव्या पानावर आहे, पण तू मुद्दाम विचारलंस याचा मला आनंद झाला. मला उत्तर यावं म्हणून प्रश्न विचारायची तुझी जुनी सवय आहे.

पंपहाउसमधली खोली तयार झाली. छोटीशी आहे, भिंतीला पोपटी ऑइलपेंट, आणि पलीकडच्या हॉलमधल्या पंपांनी जमीन सतत गुणगुणत असते. सर्व्हरखाली रबर घातलंय. तिथून एक केबल तुझ्या काठाला येते, एक माझ्या काठाला. पुलाशी दोन्हींचा काही संबंध नाही.

आईला दाखवायला घेऊन गेले. तिने कपाटातला तो एकटा सर्व्हर नीट निरखून पाहिला आणि विचारलं, "हा काय करतो?"

"काही नाही. गाडी पाठवत नाही, फोन घेत नाही. फक्त मत देतो."

"म्हणजे जावयासारखा," आई म्हणाली.

घरी गेल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. ते अजून हसलेले नाहीत.

९ एप्रिलला सकाळी सराव आहे. पुलावरची केबल आपण स्वतः काढायची आणि बघायचं. तू तुझ्या खोलीत असशीलच.

भिंगरी


१० एप्रिल

दादा,

काल काय झालं ते तू एका बाजूने पाहिलंस, मी दुसऱ्या. माझी बाजू लिहून ठेवते.

केबल काढली. आधी सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. तुमच्या सर्व्हरने पंपहाउसचं मत घेतलं, गाडीची परवानगी मिळवली, आणि नेमका तेव्हाच गोठला. ना हूं ना चूं. मुदत संपली. मग आम्ही पंपहाउसचं मत घेतलं, आमचा हुकूम निघाला, काकांच्या स्क्रीनवर उमटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग तुमचा सर्व्हर जागा झाला.

आपण झोपलो होतो हे त्याला कुठे ठाऊक? "परवानगी आहे ना? आहे" इथपर्यंत तो आधीच आला होता. त्याने पुढची ओळ चालवली. हुकूम धाडला. काकांच्या स्क्रीनवरून आमचा हुकूम पुसला आणि तुमचा आला.

रिकामी गाडी, खोटं बाळ, सरावच तो. पण काकांनी पुलावरच इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि कठड्याला टेकून बसले. मी धावत गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमचं आपसात ठरल्याशिवाय मी ही गाडी पुन्हा नाही चालवणार."

त्यांना काय म्हणणार? त्या दुपारी वळलेलं स्टिअरिंग त्यांच्याच हातात होतं. समितीने त्यांना निर्दोष म्हटलं, पण हातांना ते कुणी सांगायचं?

तेवढ्यात वायरलेसवर तुझा आवाज आला, "सराव थांबवा." इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, आणि तो काय म्हणाला, तर हे.

दुपारी संचालकबाईंनी बोलावलं. "यंत्र जरा सुस्तावलं, असं लिहून टाका. उद्घाटनाला मंत्री येतायत, पत्रिका छापायला गेल्यात."

मी म्हटलं, "सराव फसला, असं लिहिणार."

"एवढ्या तेवढ्यावरून?"

"बाई, ह्या एवढ्या तेवढ्यातच ते बाळ गेलं."

मी अहवालात लिहिलं, सराव फसला. खाली सही केली. उद्घाटन पुढे गेलं. ऑफिसात निम्मे लोक माझ्याशी तुझ्यासारखे वागतायत.

आता माझं तुझ्याकडे काम आहे. तुमचा सर्व्हर का गोठला? हे पोटातलं दुखणं आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला कळतं. मी विनवणी करत नाही, काम सांगते आहे.

भिंगरी


२४ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. पहिली! चार ओळींची का होईना. "कारण सापडलं. फोन रेकॉर्ड करणारा जुना प्रोग्रॅम मेमरी खात सुटला होता. जागा उरली नाही, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्या प्रोग्रॅमला उचलून डिस्कवर नेऊन ठेवलं. परत आणायला वेळ लागला. जुना प्रोग्रॅम काढून टाकला. आता गोठणार नाही."

पहिल्या पाच वाक्यांसाठी तुला शंभरपैकी शंभर. शेवटच्यासाठी शून्य.

"आता गोठणार नाही" असं कसं म्हणतोस? मेमरीने नाही तर डिस्कने गोठेल. डिस्कने नाही तर आणखी कशाने. तूच मला शिकवलं होतंस, की ऑपरेटिंग सिस्टीम कुठल्याही प्रोग्रॅमला कुठल्याही ओळीवर थांबवू शकते आणि त्याला विचारत नाही. मग झोपूच नये असा बंदोबस्त करण्यापेक्षा, झोपेतून उठलेल्याचं कुणी ऐकू नये असा बंदोबस्त करूया.

माझं म्हणणं असं. प्रत्येक परवानगीला एक नंबर द्यायचा, दर वेळी आधीच्यापेक्षा मोठा. हुकमाबरोबर तो नंबर गाडीकडे जाईल. गाडीतल्या स्क्रीनने आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा नंबर लक्षात ठेवायचा आणि त्याहून लहान नंबराचा हुकूम सरळ नाकारायचा. तुमचा सर्व्हर उठून कितीही जोरात ओरडला तरी त्याच्या हातात जुना नंबर असेल.

सांग, काय चुकतंय.


३ मे

वरचाच कागद परत पाठवते आहे, तू समासात लिहायला सुरुवात केलीस म्हणून. ह्या कागदावर आता बोट ठेवायला जागा नाही. काका म्हणतात, "एक दिवस गाडीत बाळ असायचं आणि मी तुमची पाकिटं वाटत बसायचो. मला टपालवाल्याची टोपी तरी द्या."

तू लिहिलंस, "गाडी बंद करून चालू केली तर स्क्रीन नंबर विसरेल." मी लिहिलं, "डिस्कवर लिहून ठेवायचा." तू लिहिलंस, "आधी लिहायचा, मग हुकूम दाखवायचा. उलट केलंस तर मेलीस." बरोबर. मी उलटच करणार होते.

मग खाली कोपऱ्यात तू लिहिलंस, "हे आधी का नाही सुचलं?"

मी लिहिलं, "कुणाला?"

तू लिहिलंस, "दोघांना."

तो कोपरा मी कापून घेणार होते, पण मागच्या बाजूला तुझं गणित आहे.

परवाच्या सरावात तू स्वतःच्या हाताने आपला प्रोग्रॅम झोपवलास, आम्ही हुकूम काढला, मग तू त्याला उठवलंस. काकांनी वायरलेसवर स्क्रीन वाचून दाखवली, "जुना हुकूम. नाकारला." कुणी विचारलं नव्हतं तरी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "निघतो. गाडी धुवायची आहे." अहवालात मी लिहिलं, सराव जमला. ह्या खेपेला दोन सह्या आहेत.

भिंगरी


१९ जून

दादा,

फोनवर आपल्याला बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद.

गाळ काढणाऱ्या जहाजाच्या क्रेनने पुलावरची केबल तोडली, हे तुला कळलंच होतं. पंपहाउसहून माझ्याकडे येणाऱ्या केबलचं त्याच सकाळी दुरुस्तीसाठी खोदकाम चाललं होतं, हे कळलं नसेल. त्यांनी तीही छाटली. म्हणजे तू आणि पंपहाउस एकीकडे, आणि मी एकटी. दोनाविरुद्ध एक. नियम माझा, आणि गप्प बसायची पाळीही माझी.

साध्या गाड्या धावत होत्या. मग आमच्याकडच्या छोट्या हॉस्पिटलमधून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, श्वास अडखळतोय, बाळांची गाडी पाठवा. ऑपरेटरने बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, बहुमत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

दादा, माझ्या हातात वायरलेस होता. काकांना तो ऐकू जातो, केबलशी त्याला घेणंदेणं नाही. मी तोंडी म्हटलं असतं, "काका, इकडे या," तर स्क्रीनला कुणी विचारलं असतं? नुसतं "कुठे आहात?" विचारलं असतं, तरी त्यांनी ते बोलावणंच धरलं असतं. फोनवर डॉक्टरीणबाई, समोर ऑपरेटर, आणि माझा अंगठा वायरलेसच्या बटणावर. हा सगळा खटाटोप मीच केला, तो हे बटण कुणी दाबू नये म्हणून, आणि दाबावंसं वाटलं ते मलाच.

वायरलेस खाली ठेवला. फोन घेतला. म्हटलं, "ती गाडी मी देऊ शकत नाही. ती कुठे आहे मला माहीत नाही. साधी ॲम्ब्युलन्स आत्ता पाठवते. तुमची सिस्टर आणि ऑक्सिजन तयार ठेवा, बाळाला कुणाच्या तरी छातीशी धरून न्या, ऊब सुटू देऊ नका. आमच्याच काठच्या मोठ्या हॉस्पिटलला कळवते."

"माहीत नाही? तुम्ही कसल्या हो प्रमुख?" त्या ओरडल्या.

"गाडी निघाली आहे," मी म्हटलं. ती खरंच निघाली होती.

सिस्टर बाळाला पदराखाली छातीशी धरून बसली होती. तशीच पोचली. बाळ काचेच्या पेटीत गेलं. श्वास सुरळीत झाला.

केबल जोडली आणि तिच्यावर चालणारा, दोन खोल्यांमधला फोन वाजला. तू होतास.

"तुझं बाळ?" तू विचारलंस.

"पोचलं. तुझं?"

"पोचलं."

तेव्हा मला कळलं की काकांच्या गाडीत त्या वेळी तुमच्या काठचं बाळ होतं. पुढे तूही फोन ठेवला नाहीस, मीही ठेवला नाही. शेवटी तुझ्याच ऑपरेटरने मागून म्हटलं, "साहेब, लाइन हवी आहे."

आज काकांना विचारलं, "मी वायरलेसवर हाक मारली असती, तर वळला असता?"

ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "हे विचारू नका."

आता एक सांगायचं आहे. चौकशी बंद झाली. कुणाच्या घरी जाऊ नका, ही वकिलांची बंदीही उठली. वहिनी म्हणाल्या, तू सुट्टीच्या दिवशी त्या बाळाच्या आईवडिलांच्या गल्लीपर्यंत जातोस आणि कोपऱ्यावरून परत येतोस. वहिनींना वाटतं तू फिरायला जातोस असं तुला वाटत असेल, तर वहिनी तुला अजून कळल्या नाहीत.

मी त्या दोघांना पत्र लिहून विचारलं होतं. बाळाची आई म्हणाली, या. जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी. तू आलास तर बरं. नाही आलास तरी मी जाणार आहे.

भिंगरी


५ जुलै

दादा,

तू त्या बाळाच्या आईवडिलांच्या घरातून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलास, त्यानंतरचं तुला सांगायचं राहिलं. परतताना तू बोलण्याच्या अवस्थेत नव्हतास आणि मीही नव्हते.

तुझ्यासमोर झालं ते तुला आठवत असेलच, तरी लिहिते, कारण माणूस आपलंच बोललेलं चुकीचं आठवतो. तू काहीही झाकलं नाहीस. दोन खोल्या, तुटलेली केबल, तुझा नियम, सगळं साध्या शब्दांत सांगितलंस. तो घरं रंगवणारा माणूस, नखांत अजून पांढरा रंग होता, खाली मान घालून ऐकत होता. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, ती तुझ्याकडे टक लावून बघत होती. तिने विचारलं, "आता पुन्हा असं होईल का?"

तू म्हणालास, "असं नाही होणार. पण यंत्रं आहेत, माणसं आहेत, दुसरं काही होऊ शकतं. होणारच नाही असं म्हटलं तर मी तुमच्याशी खोटं बोलेन."

तो उठून खिडकीशी गेला. आणि तू बाहेर.

तुला वाटलं असेल, तू त्यांना आणखी दुखावलंस. तसं नाही झालं. तू गेल्यावर ती मला म्हणाली, "पेपरात आलं होतं, गेल्या महिन्यात पुन्हा केबल तुटली. तुमच्याकडे एक बाळ होतं."

"हो."

"ते?"

"गेल्या आठवड्यात घरी गेलं. मुलगी आहे."

तिने मान हलवली. हातातल्या रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "त्यांना तुम्ही गाडी नाही म्हणालात?"

"हो. मीच म्हणाले."

"आम्हाला त्या दिवशी सगळे हो म्हणत होते," ती म्हणाली. "येतेय, येतेय, आलीच. मी त्या दाराकडे बघत होते."

मी तिचा हात धरला, तिने धरू दिला.

मग खिडकीशी उभा होता तो म्हणाला, "तुमचा भाऊ बसतो ती खोली आम्हाला बघता येईल? फोन आला की काय करतात, ते बघायचंय." आवाजात राग होता की नाही, सांगता येत नाही. असलाच तर त्यांचा हक्क आहे. मी म्हटलं, येईल.

संचालकबाईंना आज विचारलं. बाहेरच्या माणसांना आत नेता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, ही बाहेरची माणसं नाहीत. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि परवानगी दिली.

मंगळवारी सकाळी दोघं येतायत. तू रजा टाकणार नाहीस. मी तुला ओळखते, म्हणून वहिनींनाही कळवून ठेवलंय. ऑपरेटरच्या मागे दोन खुर्च्या ठेव, चांगल्या, हात असलेल्या. फोन येतील तसे येऊ देत, त्यांच्यासाठी काही सजवू नकोस. ती दोघं विचारतील त्याची उत्तरं तू द्यायचीस, तुझी खोली आहे. अडलास तर मी शेजारी आहे, काकांबरोबर पहिल्याच फेरीला पूल ओलांडून येते.

भिंगरी